दयाळाचे पिल्लू



बुद्ध जयंतीपासून पाऊस सुरू होईपर्यंतचे दिवस म्हणजे पाखरांच्या पिल्लांचे दिवस. वस्तीतले एखादे पोर ओंजळीत पिल्लू घेऊन दारात उभे राहते आणि म्हणते, "याला आई नाही." माझी मुलगी लहान असताना अशीच बुलबुलाचे पिल्लू घेऊन आली. आम्ही त्याला कापसाच्या बोळ्याने दूध पाजले, भाताची शिते भरवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मेले. आम्ही म्हणालो, अनाथच ते, जगणार कसे? ते अनाथ नव्हते, आणि त्याचा जीव आमच्या मायेनेच गेला, हे मला फार उशिरा कळले.

पाखरांना दूध पचत नाही. चोचीत पाणी सोडू नये, कारण जिभेच्या मागेच श्वासनळीचे तोंड असते आणि पाणी फुफ्फुसात जाते. अंगावर पिसे आलेले, टुणटुण उड्या मारणारे पिल्लू बहुतेक वेळा हरवलेले नसतेच. ते उडायला शिकत असते आणि आईबाप चोचीत किडा धरून आपण तिथून हलण्याची वाट पाहत असतात. अशा पिल्लाला जवळच्या झुडपात ठेवावे, मांजर कोंडावे आणि लांबून तास-दोन तास बघावे. पिसे न फुटलेले पिल्लू पडले तर परत घरट्यात ठेवावे. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, ही समजूत खोटी आहे. घरटेच मोडले असेल तर लहान टोपलीत सुके गवत घालून ती त्याच झाडाला बांधावी.

खरोखर अनाथ पिल्लू आमच्याकडे आले ते निसर्ग चक्रीवादळानंतर. ३ जून २०२० च्या दुपारी वादळ आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांचे पत्रे उडाले, वीज गेली, फोन बंद पडले. उन्मळून पडलेल्या आंब्याच्या ढोलीत मुलीला दयाळाची पिल्ले सापडली. एकच जिवंत होते. दुपारपर्यंत वाट पाहिली, मोठे पाखरू फिरकले नाही. एरवी अशा वेळी वन खात्याला कळवावे, पण तेव्हा कळवणार कसे?

मी दिवसभर वस्तीतल्यांचे नुकसानभरपाईचे अर्ज लिहीत होतो. एक आजी म्हणाल्या, "माणसांच्या डोक्यावर छप्पर नाही, आणि तुमची पोर पाखरू घेऊन बसलीय." त्यांचे बोलणे खोटे नव्हते. मी मान खाली घालून पुढचा अर्ज लिहिला.

दयाळ किडे खाणारा पक्षी. पिल्लाला उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाने भरवावे लागते. नाकतोड्याचे पाय-पंख काढायचे, मऊ भाग चिमट्याने चोचीत द्यायचा. किडे मिळाले नाहीत तर उकडलेले अंडे कुस्करून. ऊब म्हणून कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवली.

तिसऱ्या दिवशी मुलीने विचारले, "बाबा, विहारात आपण पहिले शील म्हणतो. मग एका जिवासाठी इतके नाकतोडे मारायचे?"

मी बी. कॉम. झालेला कारकून, भंतेजी नव्हे. पण बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे, तो तिला समजावला. तिचे पुरते समाधान झाले नाही. नाकतोडे तीच पकडून आणी, पण मारायला मला देई.

पुढे पिल्लाला पंख फुटले, तसा कोणीतरी पिंजरा आणून दिला. मुलगी म्हणाली, "देवदत्ताने बाण मारलेले पाखरू सिद्धार्थाने वाचवले, म्हणून ते त्याचे झाले ना? मग हे माझे." मी म्हणालो, "अगं, त्याने ते राखण्यासाठी मागितले, कोंडण्यासाठी नाही." शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानपाखरू पिंजऱ्यात पाळणे गुन्हाच आहे. पिंजरा परत गेला. खोके उघडेच ओट्यावर ठेवू लागलो.

जुलैत ते उडाले. चार दिवस संध्याकाळी कपड्यांच्या दोरीवर येऊन शेपटी उभारून बसे आणि मुलगी नाकतोडा पुढे धरी. पाचव्या दिवशी आले नाही. पाऊस लागला होता. तरी ती काळोख पडेपर्यंत दोरीपाशी छत्री घेऊन उभी होती.