सगळ्या ट्यूब बदलू नका!

कॉलेजच्या बँडमधला ट्यूब अँप बिघडला की सल्ला ठरलेला, ‘सगळ्या ट्यूब बदलून टाक!’ मला हा सल्ला साफ चुकीचा वाटतो. खिसा रिकामा होतो आणि खरा बिघाड बऱ्याचदा तसाच राहतो.

आधी लक्षणं बघा. शिट्टी, खरखर किंवा ठणठण येत असेल तर पहिला संशय छोट्या प्रीअँप ट्यूबवर, म्हणजे बहुतेक वेळा १२एएक्स७ वर. अँप चालू असताना लाकडी पेन्सिलीने एकेका ट्यूबला हलकेच टिचकी मारा. स्पीकरमधून इतरांपेक्षा जास्त ठणठणते ती संशयित. मग अँप बंद करून, थंड झाल्यावर तेवढी एकच बदलून बघा. आवाज थांबला? चोर सापडला!

पॉवर ट्यूबचं प्रकरण वेगळं. ईएल३४ सारख्या ट्यूबमधली प्लेट लालबुंद दिसली किंवा फ्यूज उडाला, तर अँप लगेच बंद. दोष ट्यूबचा असेल किंवा बायसचा. बायस बिघडला असेल तर नवी जोडीही तशीच जळणार. काचेच्या आतला चंदेरी थर पांढरा पडला असेल तर मात्र हवा आत शिरली, ती ट्यूब संपली.

याच्या पुढे आपली हद्द संपते. आत कित्येकदा ४०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये टिकतो. चॅसी उघडणं जाणकाराचंच काम. पण त्याच्याकडे लक्षणं लिहून न्या. बिल भरण्याआधी कारण विचारणं, हे कंजूषपण नाही, शहाणपण आहे.