नव्या पाद्रीसाहेबांचें स्वागत

आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, श्रीरामपूरच्या बाजूस असलेल्या एका ख्रिस्ती धर्मग्रामांत या महिन्यांत नवे पाद्रीसाहेब रुजू होत आहेत. देवळाचा कारभार हातीं घेण्यापूर्वीं बरींच वर्षें त्यांनीं गोरगरिबांच्या हक्कांच्या कामांत घालविलीं. ज्यांची फिर्याद चौकीवर कोणी लिहून घेत नाहीं, त्यांच्याबरोबर ते चौकीवर गेले. ज्यांस जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाहीं, त्यांच्यासाठीं त्यांनीं कोर्टाच्या पायऱ्या झिजविल्या. अशा गृहस्थाचें स्वागत करण्यांत आम्हांस आनंद वाटतो.

पण आमचे कांहीं वाचक लागलीच विचारतील, “अहो संपादक, तुम्ही सत्यशोधकांचे वारस म्हणवितां. पुरोहिताची मिरास मोडावी म्हणून तुमचा जन्म. मग आज एका पुरोहिताच्या गळ्यांत हार घालावयास कां निघालां?” प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर उडवाउडवीनें देतां येणार नाहीं.

जोतीराव फुले यांनीं २४ सप्टेंबर १८७३ रोजीं पुण्यांत सत्यशोधक समाज स्थापन केला, तो निर्मिक आणि माणूस यांच्यामध्यें दलाल नको म्हणून. भटजीस न बोलावतां घरचें लग्न लावलें, तरी त्याच्या दक्षिणेचा वतनी हक्क कुणब्याच्या मानगुटीवर बसलेलाच असे. तो हक्क कायद्यानें मोडण्यास १९२६ साल उजाडावें लागलें. शाहू छत्रपतींनीं १९२० सालीं क्षात्रजगद्गुरूची गादी निर्माण केली, तेव्हां आपल्याच मंडळींत दोन मतें झालीं. एक पक्ष म्हणे, आपला गुरु आपल्यांतला असावा. दुसरा म्हणे, जुना दलाल घालवून नवा कशास आणतां? त्या वादांतून आम्हीं एक धडा घेतला आहे. गादीवर कोण बसला एवढें पाहून भागत नाहीं. तो बसलेला माणूस खालीं पडलेल्यास हात देऊन उठवितो कीं तेथेंच दाबून ठेवितो, हें पाहावें लागतें. याच मापानें आम्हीं भटजीस मोजलें, आणि याच मापानें पाद्र्यास मोजणार.

मिशनऱ्यांचें ऋण आम्ही विसरलों नाहीं. जोतीराव शिकले ते स्कॉटिश मिशनच्या शाळेंत. आमच्याच नगरांत फॅरारबाईंनीं चालविलेल्या मुलींच्या शाळा त्यांनीं पाहिल्या, आणि १८४८ सालीं पुण्यांत स्वतःची मुलींची शाळा काढिली. पण ऋण मानणें निराळें, आणि डोळे मिटून घेणें निराळें. बाप्तिस्म्याच्या पाण्यानें या देशांत जात धुवून निघाली नाहीं. तमिळ मुलखांत वडक्कनकुळम् येथें एकाच देवळाच्या दोन पडव्या करून मध्यें भिंत घातली होती. एका अंगास वरचे म्हणविणारे, दुसऱ्या अंगास खालचे मानलेले. प्रभु एक, वेदी एक, आणि भक्तांत भिंत! ती भिंत १९१० सालीं पडली. पण सगळ्या भिंती विटांच्या नसतात. भारतांतील कॅथोलिक बिशपांच्या परिषदेनें डिसेंबर २०१६ मध्यें दलितांविषयीं आपलें धोरण जाहीर केलें, तेव्हां चर्चमध्यें जातिभेद अजून पाळला जातो हें तिनें स्वतःच कबूल केलें. हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला २०२२ सालीं कार्डिनल झाले; दलितांतून त्या पदावर चढलेले ते पहिलेच. समतेचा उपदेश शतकानुशतकें चालला, पण त्या पायरीवर दलिताचें पाऊल पडण्यास एकविसावें शतक लागलें. हें आम्ही कुचेष्टेनें लिहीत नाहीं. आपल्या घरांतील घाण आपण उघडी केली, तेव्हां शेजारच्या घरांतील घाण झांकून ठेवणें अप्रामाणिकपणाचें होईल.

चर्चचें झालें, आतां सरकारचें पाहूं. १९५० सालीं अनुसूचित जातींविषयीं राष्ट्रपतींचा हुकूम निघाला, आणि धर्माच्या अटीनें ख्रिस्ती व मुसलमान दलित त्याच्या बाहेर राहिले. १९५६ सालीं शिखांस व १९९० सालीं बौद्धांस आंत घेतलें, तें योग्यच झालें. रंगनाथ मिश्र आयोगानें २००७ सालीं धर्माची अटच काढून टाका अशी शिफारस केली; ती सरकारनें मानली नाहीं. २०२२ सालीं आणखी एक आयोग नेमला. आयोगावर आयोग बसतात आणि रयत उभीच राहते! परिणाम काय होतो? एका आईच्या पोटचे दोन भाऊ, एकच वस्ती, एकच मजुरी. एकास अत्याचार-प्रतिबंधाच्या १९८९ च्या कायद्याची ढाल आहे. दुसरा रविवारीं मिस्साला जातो, म्हणून कागदोपत्रीं त्याची ढाल काढून घेतली जाते. मारणारा मात्र काठी उचलतांना धर्म विचारीत नाहीं, तो जात विचारतो. जोतीरावांनीं आपल्या शेवटच्या ग्रंथांत असें घर कल्पिलें होतें कीं, ज्यांत एकानें बायबल वाचावें, दुसऱ्यानें कुराण, तिसऱ्यानें बुद्धाचा धर्म आचरावा, आणि सर्वांनीं प्रेमानें नांदावें. त्या घरांत हा हुकूम मध्यें भिंत घालतो. ही भिंत पाडण्याचें काम एकट्या ख्रिस्ती लोकांचें नव्हे. तें सबंध बहुजन समाजाचें आहे.

आणि काठीची गोष्ट आम्ही हवेंत बोलत नाहीं. याच तालुक्यांतील हरेगांवीं दर सप्टेंबरांत मतमाउलीची यात्रा भरते, दूरदूरचे लोक नवस फेडावयास येतात. त्याच हरेगांवीं ऑगस्ट २०२३ मध्यें चार दलित पोरांस शेळी आणि कबुतरें चोरल्याच्या नुसत्या संशयावरून झाडाला उलटें टांगून मारलें. नुसता संशय, आणि तेवढ्यावर शिक्षा झाडाला टांगण्याची! असल्या मुलखांत जो धर्मगुरु येतो, त्याला मेणबत्ती कशी लावावी एवढेंच ठाऊक असून भागणार नाहीं. फिर्याद कोठें व कशी नोंदवावी, साक्षीदाराचें धैर्य कसें टिकवावें, दवाखान्याचा दाखला वेळेवर कसा मिळवावा, हें ज्याला ठाऊक आहे तोच येथें उपयोगी पडेल. नव्या पाद्रीसाहेबांस हें ठाऊक आहे, म्हणून आम्हांस त्यांचें अगत्य.

या वाटेचें मोलही त्यांस ठाऊक असेलच. फादर स्टॅन स्वामी यांनीं झारखंडांत खितपत पडलेल्या आदिवासी कच्च्या कैद्यांची बाजू घेतली. ८ ऑक्टोबर २०२० रोजीं त्यांस पकडून तळोजाच्या तुरुंगांत ठेविलें. कंपवातानें हात थरथरत, पेला धरवेना, म्हणून पाणी पिण्यास नळीचें भांडें मिळावें यासाठीं त्या म्हाताऱ्यास कोर्टाकडे अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजीं, वयाच्या ८४ व्या वर्षीं, कैदी म्हणूनच त्यांचा अंत झाला. खटला उभाच राहिला नव्हता. ज्यांच्यासाठीं ते झगडले, त्यांच्यासारखाच त्यांस मृत्यु आला.

आतां स्वागताबरोबर आमच्या चार मागण्या. पहिली, काम घरापासून सुरू करावें. धर्मग्रामाच्या पंचांत, देवळाच्या बांकांवर आणि स्मशानांत कोणाची जात विचारली जाते काय, हें आधीं पाहावें. दुसरी, देवळाच्या पैशाचा जमाखर्च दरसाल सर्वांपुढें वाचून दाखवावा; जो सरकाराकडे हिशेब मागतो त्यानें आपला आधीं द्यावा. तिसरी, त्यांच्या दाराशीं येणारा बौद्ध, मातंग, भिल्ल कीं मुसलमान, हा प्रश्न पडूं नये. चौथी मागणी सर्वांत मोठी. त्यांनीं लोकांचे अर्ज लिहून देऊं नयेत, लोकांस लिहावयास शिकवावें. देवळाच्या ओट्यावर रात्रीं दिवा लावून रेशनाचा, मजुरीचा, सातबाऱ्याचा आणि २००५ च्या माहिती अधिकाराचा अर्ज कसा करावा याचा वर्ग चालवावा, आणि त्यांत बायकांस पहिल्या रांगेंत बसवावें.

धर्मग्रामांतील बंधुभगिनींसही दोन शब्द. फादर आले, आतां आपलें सारें तेच पाहतील, असें समजून हातपाय गाळून बसूं नका. मायबाप सरकार म्हणतां म्हणतां आपली जन्मभराची संवय झाली आहे. आतां मायबाप फादर करूं नका. चांगला माणूससुद्धां खांद्यावर बसवून घेतला म्हणजे ओझेंच होतो. त्यांच्या बरोबरीनें चाला, चुकलें तर तोंडावर सांगा. मान द्या, पण लोटांगण घालूं नका.

पाद्र्यांच्या बदल्या होत असतात. हेही कांहीं वर्षांनीं जातील. त्यांच्या कामाची परीक्षा आम्ही त्या दिवशीं करूं. निरोपाच्या सभेंत हार किती पडले हें आम्ही मोजणार नाहीं. उसाच्या फडांत राबणारी एखादी बाई दुसऱ्या दिवशीं आपला अर्ज आपल्या हातानें लिहून तहसील कचेरींत गेली, आणि पोंच घेतल्याशिवाय परत फिरली नाहीं, तर पाद्रीसाहेबांचें येणें सार्थकीं लागलें असें आम्ही याच स्तंभांत छापूं. तोंवर, या साहेब, आपलें स्वागत असो. काम पुष्कळ आहे, आणि आम्हीही कामावरच आहोंत.