नानांचा नारायण करू नका

यंदा आमच्या सासरच्या घराण्याच्या कुलवृत्तान्ताची नवी आवृत्ती निघते आहे. त्यासाठी घरोघर छापील तक्ते आले. तक्त्याखाली सूचना: 'टोपणनावे लिहू नयेत. शुद्ध नाव ठाऊक नसल्यास संपादक योग्य नाव योजतील.' हे 'योजतील' वाचले आणि हातातला चहा निवून गेला.

मी शाळेतली बाई. दहावीपुढे शिकले नाही. कादंबऱ्या लिहिते, त्यांतल्या माणसांना नावे योजते. नावे योजण्याचा धंदा माझा, कुलवृत्तान्तकारांचा नव्हे!

मागच्या आवृत्तीत काय योजले ते पाहा. जो जो नाना तो नारायण, जो तात्या तो त्र्यंबक, अण्णा तो अनंत. अहो, नानासाहेब पेशवे म्हणजे बाळाजी बाजीराव. नाना फडणीस म्हणजे बाळाजी जनार्दन. १८५७ चे नानासाहेब धोंडोपंत, आणि मुंबईचे नाना शंकरशेट जगन्नाथ. चार नाना, त्यांत औषधाला एक नारायण नाही! तात्या टोपे रामचंद्र पांडुरंग. लोकमान्यांचे ठेवलेले नाव केशव. 'बाळ' हे घरातले लाडाचे, तेच जन्मभर चालले.

टोपणनाव आद्याक्षरावरून पडते, हा समजच मुळात खोटा. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवायचे, आणि सुनेने सासऱ्याचे नाव तोंडातून काढायचे नाही. मग पोटच्या पोराला हाक मारायची कशी? म्हणून तो बापू, म्हणून तो भाऊ. तेव्हा बापूचे नाव हुडकायचे तर 'ब' अक्षरापाशी घुटमळू नये, दोन पिढ्या वर चढून पाहावे. तिथे सापडले तरी तो माग झाला, पुरावा नव्हे. पुराव्यासाठी त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत, जमिनीच्या फेरफार नोंदी आहेत, शाळेचे जनरल रजिस्टर आहे. पत्रिकाही आहे, पण तीत कधीकधी नुसते राशीनावच असते, ते व्यवहारात कुणी वापरलेले नसते.

उलटही घडते. मुले जगत नसत तेव्हा दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडू, केरू अशी नावे ठेवीत. ती टोपणनावे नव्हेत, बारशाला ठेवलेली खरी नावे. मागच्या संपादकांना आमच्या घराण्यातला दगडू शोभला नाही. त्यांनी त्याचा दिगंबर केला. त्याच्या आधी किती पाळणे रिकामे झाले होते, ते त्या एका नावात होते. तेवढे पुसले गेले.

माझे हातही स्वच्छ नाहीत. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका आईने मुलाचे नाव 'बाळू' सांगितले. मी न विचारता रजिस्टरात 'बाळकृष्ण' लिहिले. वाटले, चांगलेच केले. जन्मदाखल्यावर बाळू, शाळेच्या दाखल्यावर बाळकृष्ण. पुढे जातीचा दाखला काढताना त्या मुलाला किती हेलपाटे पडले, ते त्याच्या आईने मला भर बाजारात ऐकवले. ऐकून घेतले. दुसरे काय करणार?

आता बायकांचे. आमच्या आजेसासूबाईंना सगळे 'जीजी' म्हणत. छापून आले 'जिजाबाई'. श्राद्धाला गुरुजी नाव उच्चारतात ते सरस्वती. आणि माळ्यावर एक तांब्याचे घंगाळ आहे, त्याच्या काठावर कोरले आहे: 'चि. द्वारका हीस मामांकडून'. माहेरी द्वारका, सासरी सरस्वती, धाकट्या दिरांच्या तोंडी जीजी. जिजाबाई त्या कधीच नव्हत्या! धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी माहेरच्या गोदूबाई, लग्नानंतर आनंदीबाई, आणि साऱ्यांच्या बाया. डॉ. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. एवढ्या मोठ्या बायका म्हणून आपल्याला ठाऊक. बाकीच्यांची माहेरची नावे भांड्यांबरोबर मोडीत गेली.

मी संपादकांना फोन केला. माणूस प्रेमळ, नात्याने चुलतसासरे.

"सूनबाई, एकेका बाईला तीन तीन नावे छापली तर ग्रंथ फुगेल."

"काका, पुरुषांच्या पदव्या थोड्या कमी करा."

ते हसले. मग म्हणाले, "अगं, पण वंशवेलीत रिकामी जागा बरी दिसते का?"

इथेच आमचे भांडण आहे. दिसो की न दिसो! रिकामी जागा पाहून उद्या एखादी नात माळ्यावर चढेल, भांडी उलटी करून वाचील. छापील 'जिजाबाई' पाहिल्यावर कोण चढणार? शिवाय टोपणनाव गाळले, तर ज्या म्हाताऱ्या आत्याबाईंना फक्त 'नाना' आणि 'जीजी' आठवतात, त्यांना विचारायचे तरी काय?

तक्ता मी भरून पाठवला आहे. जीजींच्या चौकटीत तिन्ही नावे बारीक अक्षरात बसवली, सोबत घंगाळाच्या काठाचा फोटो जोडला. एका नानांचे नाव कुठेच मिळाले नाही, तिथे नुसते 'नाना' लिहून पुढे 'येथे काही योजू नये' अशी तांबड्या शाईने सूचना केली. शेवटी माझी चौकट आली. लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने रेखलेले नाव सवयीने लिहून गेले. मग वरच्या ओळीत, किंचित दाटीने, माहेरचे लिहिले.