फडावरच्या बाईची नोंद कुठल्या रजिस्टरात?

डिसेंबरात बीड जिल्ह्यात आरोग्याची पाहणी करायला कुणी येणार असेल, तर मी त्याला आधीच सांगून ठेवते. बालाघाटावर तुम्हाला म्हातारी माणसं भेटतील, त्यांच्याजवळ ठेवलेली शाळकरी पोरं भेटतील आणि दारांना लावलेली कुलपं भेटतील. वडवणी, धारूर, पाटोदा, शिरूर कासार या भागातल्या कितीतरी वाड्या आणि तांडे ऊसतोडीमुळे दिवाळीच्या आगेमागे ओस पडतात. पाहणी करणारा फॉर्मवर ‘घर बंद’ असा शेरा मारून पुढच्या दाराकडे वळतो. त्याचाही दोष नाही, त्याला संध्याकाळपर्यंत ठरलेले फॉर्म भरून द्यायचे असतात. पण ही घरं योगायोगानं बंद नसतात. ज्या घरात गरोदर बाई आहे, अंगावर पिणारं लेकरू आहे आणि साऱ्यांचं पोट कोयत्यावर आहे, नेमकं तेच घर बंद असतं. चांगल्या स्थितीतली घरं उघडी सापडतात आणि त्यांच्यावरून जिल्ह्याची तब्येत ठरते.

मी या जिल्ह्यात आरोग्य सहाय्यिका होते. एएनएम नर्सच्या नोंदवह्या तपासायच्या, लसीकरणाची सत्रं लावायची, एखादी बाळंतीण दगावली तर तिच्या घरी जाऊन कसं झालं ते लिहून घ्यायचं, हे माझं काम. बाहेरून येणाऱ्या संशोधकांना गावात फिरवायचं कामही बहुतेक वेळा आमच्याच गळ्यात पडायचं. मला ते आवडायचं, कारण गावात जाऊन केलेल्या संशोधनानं काय होतं, हे महाराष्ट्रानं पाहिलेलं आहे. गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या 650 बायकांना तपासलं. ते काम 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. 92 टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या जेमतेम 8 टक्के. तोवर आम्हा आरोग्य खात्यातल्या लोकांच्या लेखी खेड्यातली बाई म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी. अंगावरून पांढरं जाणं, पाळीत कंबर धरणं, ही दुखणी कुठल्याच रकान्यात बसत नव्हती.

त्या अभ्यासातून जो धडा घ्यायला हवा होता तो आमच्या जिल्ह्यानं कसा घेतला, ते 2019 साली जगासमोर आलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं नेमलेल्या समितीनं बीडमधल्या 82,309 ऊसतोड बायकांची माहिती घेतली. त्यांतल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली, म्हणजे साधारण सहांतल्या एकीची. त्याआधीच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या बायकांमध्ये देशभरचं हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होतं. दोन्ही पाहण्यांतल्या बायकांची वयं तंतोतंत सारखी नसतील हे मान्य, तरी एवढा फरक वयानं पडत नाही.

त्यावर पेपरांत पुष्कळ लिहून आलं. बहुतेकांनी लोभी डॉक्टर आणि ऊसतोडीच्या टोळ्या पुरवणारे निर्दयी मुकादम यांच्यावर विषय संपवला. ते दोघं आहेतच. पण मी ज्या बायकांशी बोलले त्यांचं म्हणणं फार साधं होतं. नवरा-बायको मिळून एक कोयता, हंगामाआधी घेतलेली उचल त्या दोघांच्या नावावर, आणि एक दिवस फडात गेलं नाही की खाडा. खाड्याचे पैसे कापले जातात. फडावर आडोसा नाही, धुवायला पाणी नाही, कापड बदलायला जागा नाही. एक बाई मला म्हणाली, “सिस्टर, पाळी आली म्हणून मुकादम थांबतो का? पिशवी काढली की कटकट गेली, असं डॉक्टर म्हणले. मग दिली काढून.” तिचं वय तेव्हा तिशीच्या आत होतं. तिला झालेला आजार साध्या गोळ्यांनी बरा होण्यासारखा होता, पण त्यासाठी तीन-चार वेळा दवाखान्यात यावं लागलं असतं आणि ती सहा महिने जिल्ह्यातच नव्हती.

माझी मुख्य तक्रार इथूनच सुरू होते. आपल्याकडचं चांगलं संशोधन बहुतेक एका जागी राहणाऱ्या माणसावर झालं. त्यातून निघालेल्या योजनाही एका जागी राहणाऱ्या माणसासाठीच आखल्या गेल्या. गडचिरोलीतल्याच 39 गावांत बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं शिकवून तयार केलेल्या गावच्या बायका घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला लागल्या आणि दर हजार जन्मांमागे 62 असलेले नवजात मृत्यू काही वर्षांत 25 वर आले. पुढे 2011 मध्ये केंद्र सरकारनं हाच धागा धरून आशाताईंना बाळाच्या बेचाळीस दिवसांपर्यंत घरभेटी द्यायला सांगितल्या. योजना उत्तमच आहे. पण बाई कराडच्या, नाहीतर बेळगावच्या बाजूला उसाच्या पाचटावर बाळंत झाली, तर तिथल्या आशाच्या यादीत ती नाही आणि आमच्या आशाला तिचा पत्ता नाही.

लसीकरणाचा हिशोब तर कुणीही बसल्या जागी करून पाहावा. सप्टेंबरच्या मध्याला जन्मलेलं मूल ऑक्टोबरच्या अखेरीस सहा आठवड्यांचं होतं. पेंटाव्हॅलंटचे डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे. तिन्ही डोस टोळी फडावर असतानाच येतात. टोळी परत येते तेव्हा मूल सात-आठ महिन्यांचं झालेलं असतं आणि आमची एएनएम पहिल्यापासून सुरुवात करते. मुलं जन्माला घालायचा महिना उसाच्या गाळपाकडे बघून ठरवा, असं काही आपण या बायकांना सांगू शकत नाही.

एका हंगामात ओळखीच्या एका एएनएमबरोबर मी सांगलीच्या बाजूला फडावर गेले होते. कोप्यांची रांग, वर बांबूच्या कमानीवर टाकलेलं प्लास्टिक, आत वाकूनच जावं लागतं. भल्या पहाटे निघून गेलेल्या बायका दुपारी वाढ्याचे, म्हणजे उसाच्या शेंड्यांचे, भारे घेऊन आल्या. ते वाढे विकून मीठ-मिरचीचे पैसे सुटतात. गाडीच्या दांडीला झोळी बांधून त्यात एक पोरगं निजवलेलं होतं आणि त्याला सांभाळायला सहा-सात वर्षांची बहीण. आम्ही त्याच दांडीला वजनकाटा अडकवून पोरांची वजनं घेतली. एका आईनं उचलीच्या कागदाबरोबर पिशवीत गुंडाळून ठेवलेलं माता-बाल संरक्षण कार्ड काढून दाखवलं. आमच्याच तालुक्यातलं होतं. सहाव्या महिन्यापर्यंतच्या नोंदी नीट, कुणीतरी सुवाच्य अक्षरात केलेल्या, आणि त्यापुढची पानं कोरी. बाळंतपण कुठं झालं विचारलं तर म्हणाली, “हितंच.” वजन कुणी केलं नव्हतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. त्या कामाचा एक भाग मला फार मोलाचा वाटतो. आघारकर संशोधन संस्थेतल्या शोभा राव आणि इतरांनी त्या बायकांचे कष्ट मोजले. शेतातलं काम, पाणी भरणं, धुणं असं सगळं धरून. ज्यांचे कष्ट जास्त, त्यांची बाळं लहान, असं त्यात दिसलं. आईनं काय खाल्लं एवढंच विचारून भागत नाही, तिनं किती ओझं वाहिलं हेही विचारावं लागतं, हे त्यातून ठळक झालं. आता त्या शेतकरी बायकांच्या जागी मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी सातव्या महिन्यातली बाई ठेवून बघा. तिचे कष्ट मोजायला कुणी आल्याचं मी माझ्या नोकरीत पाहिलं नाही.

आणि ज्या गाडीत ती मोळी जाते ती मात्र कारखान्याच्या काट्यावर किलोपर्यंत मोजली जाते, पावती मिळते, टोळीच्या खात्यावर चढते. कारखान्याला कुठली टोळी कुठल्या गावच्या शिवारात आज ऊस तोडते आहे हे ठाऊक असतं, नाहीतर गाळप चालणारच नाही. म्हणजे फिरती माणसं सापडत नाहीत, ही सबब खरी नाही. आरोग्य केंद्राकडे माहिती मागितली की ते म्हणतं, ही बाहेरची माणसं. कारखाना म्हणतो, ही मुकादमाची. महिला आणि बालविकास खात्यानं स्थलांतर करणाऱ्या माता-बालकांचा माग ठेवायला संगणकावर सोय केली आहे, पण जिथून गेले तिथल्या अंगणवाडीनं नोंद केली तरी जिथे पोचले तिथे त्यांना शोधायला कुणीतरी चिखलातून कोपीपर्यंत चालत जावं लागतं. ते चालणं संगणक करत नाही.

लगेच कुणी सुचवेल की मुकादमाच्या करारनाम्यातच एक रकाना वाढवा, बाई गरोदर आहे की नाही. हे अजिबात करू नका. त्या रकान्यात ‘हो’ लिहिलं की त्या जोडप्याला उचल कमी मिळेल, नाहीतर घेतलंच जाणार नाही, आणि मग बायका लपवतील. पिशवीच्या बातम्या गाजल्यानंतर आमच्याकडे हेच झालं होतं. आधी मोकळेपणानं बोलणाऱ्या बायका ऑपरेशनचं नाव काढलं की तोंड फिरवायच्या, कारण पेपरवाले येतात, फोटो काढतात आणि गावची बदनामी होते, असं घरच्यांनी बजावलेलं. संशोधनासाठी माहिती घेणाऱ्यानं ती कुणाच्या हाती जाणार याचा विचार आधी करायला हवा. गरोदरपणाची यादी आरोग्य केंद्रांतच राहिली पाहिजे, या जिल्ह्यातून त्या जिल्ह्यात. कारखान्याकडून फक्त टोळी कुठे उतरली आहे एवढंच घ्यावं.

दरवर्षी गाळपाचा परवाना पुण्याच्या साखर आयुक्तालयाकडून मिळतो. त्यात आठ दिवसांत टोळ्यांच्या मुक्कामाची ठिकाणं जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवण्याची अट घालायला पैसा लागत नाही. जे वैद्यकीय महाविद्यालय दरवर्षी आपल्या विद्यार्थ्यांना गावपाहणीला पाठवतं, त्यानं ती पाहणी एक वर्ष जानेवारीत फडावर करावी. आणि त्याच बायका, त्याच पोरांची सप्टेंबरात, निघण्याआधी, आणि मे महिन्यात परत आल्यावर वजनं आणि हिमोग्लोबिन बघावं. सहा महिन्यांच्या तोडणीनं एका आईचं आणि एका लेकराचं नेमकं काय होतं, हे त्यातून कळेल.

निघण्याआधीची तपासणी आता बीडमध्ये होते, हे चांगलं आहे. 2024-25 च्या हंगामात ऊसतोड बायकांमध्ये दीड हजारांहून अधिक गरोदर असल्याचं जिल्ह्याच्या आरोग्य विभागानंच नोंदवलं. त्यांतल्या किती जणी कुठे बाळंत झाल्या, किती बाळांचं वजन अडीच किलोच्या वर भरलं आणि किती जणी बाळंतपणानंतर कितव्या दिवशी पुन्हा फडात उतरल्या, हे आरोग्य विभागानं शोधून जाहीर करावं. नावांची यादी त्यांच्याकडे आहे.