दिवा बदलला, हिशेब अपुराच

परवा मोहन्यातल्या आमच्या घरची एलईडी ट्यूब अचानक बंद पडली. वायरमनने ती उतरवली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, ‘‘काका, यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. नवीनच आणा.’’ जुन्या ट्यूबलाइटचे असे नव्हते. ती लुकलुकू लागली की स्टार्टर बदलायचा, फारच गुणगुणू लागली की चोक. पट्टी वर्षानुवर्षे तीच.

गोष्ट घरगुती खरी, पण रस्त्यावरच्या दिव्यांचाही प्रश्न हाच आहे. ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारने घरांसाठी आणि रस्त्यांसाठी एलईडीच्या योजना सुरू केल्या आणि गावोगावचे पिवळे सोडियम दिवे उतरू लागले. वीज वाचते, यात शंका नाही. जुन्या ट्यूबमधला पाराही टळतो. मग अडते कुठे?

अडते ते हिशेबात. एलईडीचे जे दीर्घ आयुष्य सांगतात, ते प्रकाश देणाऱ्या चिपचे. पण बहुधा तिच्याआधी जातो तो तिला वीज पुरवणारा ड्रायव्हर. बंद खोक्यातल्या उष्णतेने त्याचा कपॅसिटर सुकतो. विजेचा दाब एकदम उसळला की तो जळतो. सोडियम दिव्याचे बल्ब, चोक, इग्निटर सुटे बदलता येत. इथे अनेकदा सगळा दिवाच उतरवावा लागतो आणि नवा येईपर्यंत खांब अंधारात.

दुसरी अडचण प्रकाशाची. एलईडीचा झोत एका दिशेने पडतो. अंतर न पाहता जुन्याच खांबांवर तो चढवला, तर खांबाखाली डोळे दिपतात आणि दोन खांबांमध्ये काळोख राहतो. पांढऱ्याशुभ्र दिव्यातला निळा अंश झोपेलाही बाधतो. म्हणूनच अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१६ साली रस्त्यांसाठी ३००० केल्विन किंवा त्याहून पिवळसर प्रकाशाची शिफारस केली.

मोहन्याला हे दूरचे वाटू नये. इथला एनआरसीचा कारखाना २००९ साली बंद पडला. पाळीला पायी जाणारे गाव नोकरीसाठी लोकलने लांब जाऊ लागले. रात्री आंबिवली स्टेशनवर उतरून घराकडे निघालेल्या बाईला किती युनिटे वाचली याच्याशी कर्तव्य नसते. पुढचा खड्डा आणि समोरचा माणूस दिसावा, एवढीच तिची अपेक्षा असते. तेव्हा दिव्यांच्या निविदेत वॅटबरोबर सुट्या ड्रायव्हरची हमी, दुरुस्तीची मुदत, प्रकाशाचा रंग आणि खांबांमधले अंतरही लिहिलेले हवे. वाचवलेल्या विजेतून अंधार वजा करायला कोणीतरी शिकले पाहिजे.