डोळ्यांवरचे खोके आणि घरचा हिशेब

मुलूख सोडून दूर वसलेल्या मराठी घराच्या खर्चवहीत एक सदर असे असते, की ज्याला कोणी नाव दिलेले नसते. पूर्वी त्यात पोस्टकार्डे असत, अडीअडचणीचा ट्रंककॉल असे, उन्हाळ्याच्या सुटीत पंजाब मेलची तिकिटे असत. पुढे एस.टी.डी.च्या बूथवर रात्री उशिरा, दर उतरल्यानंतर, रांगेत उभे राहून केलेली संभाषणे आली. आता मोबाइलवरची बोलणी जवळजवळ फुकट झाली, तरी सदर रिकामे राहिलेले नाही. अंतर कमी करण्यासाठी केलेला खर्च असे त्याचे वर्णन करता येईल. वाचकहो, या सदरात सध्या एक नवा जिन्नस शिरू पाहत आहे. त्याचे नाव व्ही.आर. हेडसेट, म्हणजे आभासी जगाचे दर्शन घडविणारे, डोळ्यांवर चढवायचे खोके.

आमच्या दर्पण कॉलनीत हा विषय एका घरापुरता निघाला आणि बघता बघता चारचौघांचा झाला. त्या घरातले थोरले चिरंजीव कॅलिफोर्नियात असतात. त्यांनी आईला कळविले, की मी एक हेडसेट पाठवितो; तू तो डोळ्यांवर चढवलास की आमच्या बैठकीत येऊन बसल्यासारखे तुला वाटेल. काकूंचे वय पंचाहत्तरीच्या पुढे, गुडघे बोलू लागलेले. त्या मला म्हणाल्या, "तो म्हणतो, किमती वाढताहेत, आत्ताच घेऊन टाकू. मला कळेना, ही घाई किमतीची की माझ्या वयाची." कॉलनीचे नाव दर्पण असल्यामुळे असेल कदाचित, येथे माणसे स्वतःकडे जरा स्पष्टपणे पाहतात.

प्रश्नाकडे वळण्यापूर्वी हे यंत्र काय करते ते थोडक्यात पाहू. माणसाच्या दोन डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटिमीटरचे अंतर असते. त्यामुळे प्रत्येक डोळा तीच वस्तू किंचित वेगळ्या कोनातून पाहतो आणि मेंदू त्या दोन चित्रांचे मिळून एक खोलीदार चित्र बनवितो. हे रहस्य चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ मध्ये स्टिरिओस्कोपच्या साहाय्याने उलगडून दाखविले. त्याच तत्त्वावरचा व्ह्यू-मास्टर १९३९ मध्ये आला. त्याच्या गोल चकतीवर चौदा बारीक चित्रे, म्हणजे सात देखावे असत. आपल्यापैकी कित्येकांनी लहानपणी तो डोळ्यांना लावून, खटका दाबून, घरबसल्या प्रवास केला असेल. हेडसेटने यात एकच मोठी भर घातली: मान वळवाल तसे चित्रही वळते. तोही प्रयत्न १९६८ इतका जुना आहे. आयव्हन सदरलंड यांनी अमेरिकेत असे यंत्र तेव्हाच केले होते. मात्र ते इतके जड होते, की छताला टांगावे लागे.

दूरचे जवळ आणण्याचा छंद आपल्या माणसांनाही काही आजचा नाही. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' नावाचा खेळ सुरू केला. काचेवर रंगविलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशात पडद्यावर मोठी करून, ती हलती भासवून, ते रामायण-महाभारताच्या कथा दाखवीत. यंत्र एक, मेहनत पटवर्धन पितापुत्रांची, आणि पाहणारा मात्र सारा गाव. हा शेवटचा मुद्दा ध्यानात असू द्यावा.

आता किमतीचे पाहू. मेटा, म्हणजे पूर्वीची फेसबुक, या कंपनीचा क्वेस्ट २ हा हेडसेट ऑक्टोबर २०२० मध्ये २९९ डॉलरला बाजारात आला. जवळजवळ दोन वर्षांचा जुना झाल्यावर, ऑगस्ट २०२२ मध्ये, त्याची किंमत एकदम शंभर डॉलरने वाढविण्यात आली. वस्तू तीच, काच तीच. किंमत तेवढी तरुण झाली! पुढल्या वर्षी ती पुन्हा उतरली. ऑक्टोबर २०२३ मध्ये क्वेस्ट ३ आला तो ४९९ डॉलरला, आणि २०२४ मध्ये त्याचे धाकटे भावंड ३एस पुन्हा २९९ ला. म्हणजे किंमत सरळ चढत गेली असे म्हणता येत नाही. ती झोक्यासारखी हालते आणि उडी मारून बसण्याची घाई गिऱ्हाइकाला होते. ॲपलचा व्हिजन प्रो फेब्रुवारी २०२४ मध्ये आला, त्याची तर गोष्टच निराळी: ३,४९९ डॉलर. आमच्या किल्ल्यावरील चतुर्भुज मंदिरात इ.स. ८७६ चा शिलालेख आहे. त्यात फुलबागेची २७० हात लांबी आणि रोजचे ५० हार यांच्या आकड्यांत शून्य कोरलेले आहे. इतक्या जुन्या शून्याच्या शेजारी राहणाऱ्यांनी तरी किमतीतली शून्ये नीट मोजावीत.

आपल्यासाठी आणखी एक वाढ आहे, ती जाहिरातीत दिसत नाही. २०२० च्या अखेरीस डॉलर सुमारे ७३ रुपयांना होता, तेव्हा २९९ डॉलर म्हणजे बावीस हजारांच्या आत. आज डॉलर नव्वद रुपये धरला तर तेच २९९ डॉलर सत्तावीस हजारांच्या घरात जातात. कंपनीने एक पैसाही न वाढविता आपल्याला पाच हजारांचा फटका बसतो. त्यावर आयातीचा कर आणि व्यापाऱ्याचा नफा आला तो निराळाच. चष्मा वापरणाऱ्यांचा खर्चही वेगळा. व्हिजन प्रोसोबत नंबराची भिंगे घ्यावयाची, तर ती किमतीत धरलेली नाहीत, वरून दीडशे डॉलर मोजावे लागतात.

कोणी म्हणेल, नवीन विद्या महागच असते. रंगीत दूरदर्शन संचही १९८२ मध्ये महाग होता. खरे आहे. पण त्या संचाचे आयुष्य आठवून पाहा. एकदा घेतला की दहा-पंधरा वर्षे हलत नसे. बिघडला तर गल्लीतला कारागीर दुरुस्त करी. पहिला क्वेस्ट मे २०१९ मध्ये ३९९ डॉलरला आला. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने त्याला नवीन सोयी देणे थांबविल्याचे जाहीर केले, आणि २०२४ मध्ये सुरक्षेची दुरुस्तीही संपली. २०१८ चा ऑक्युलस गो तर दोन वर्षांतच बंद झाला. आणि कंपनीलाही यात नफा आहे असे नव्हे. मेटाच्या या विभागाला एकट्या २०२४ साली सुमारे १,७७० कोटी डॉलरचा तोटा झाला. दुकानदार तोट्यात माल विकत असेल तर गिऱ्हाइकाने आनंदाने टाळ्या वाजवू नयेत; तो दुकान केव्हा आवरील याचा नेम नसतो, आणि ही वस्तू अशी की दुकान आवरले तर घरातलीही निम्मी निकामी होते. व्ह्यू-मास्टरची पन्नास वर्षांपूर्वीची चकती मात्र उजेडाकडे धरली की आजही दिसते.

यापुढचा हिशेब मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे किंमत भागिले डोळे. पूर्वी व्ही.सी.आर. विकत घेण्याची ऐपत फार थोड्यांची होती. तेव्हा रंगीत संच, व्ही.सी.आर. आणि तीन-चार कॅसेटी एका रात्रीपुरत्या भाड्याने आणीत आणि अंगणात किंवा गच्चीवर सतरंज्या अंथरून सारी आळी पहाटेपर्यंत चित्रपट पाही. 'रामायणा'च्या वेळी, १९८७-८८ साली, एका संचापुढे किती घरांची माणसे बसत हे सांगावयास नको. हेडसेट एका वेळी एकाच माणसाचा. तो चढविलेला नातू भर दिवाणखान्यात हात हालवीत असतो आणि बाकीचे त्याच्याकडे पाहत असतात. ही करमणूक त्यांचीही होते म्हणा, पण किमतीत ती धरलेली नाही.

काकूंच्या चिरंजीवांचा हेतू उत्तम आहे, याविषयी शंका नको. परंतु त्यांच्या योजनेत एक पेच आहे, आणि तो कोणत्याही जाहिरातीत सापडत नाही. मुलाला पाहावयाचा असतो आईचा चेहरा, आणि हेडसेट नेमका तोच झाकतो. कपाळापासून नाकापर्यंत सारे त्या खोक्याखाली. मग पलीकडल्याला दिसते ते यंत्राने रचलेले रूप. साध्या हेडसेटमध्ये ती चित्रातली बाहुली असते. महागड्या व्हिजन प्रोमध्ये आधी चेहऱ्याचे चित्रण करून त्यावरून उभी केलेली प्रतिकृती. डोळ्यांत पाणी आले तर ते कोणाला दिसणार? हातातल्या साध्या मोबाइलवर आईच्या कपाळावरचे कुंकू आणि मागच्या भिंतीवरचे कॅलेंडरसुद्धा दिसते, आणि त्याला वेगळे काही पडत नाही.

शिवाय शरीराचाही विचार हवा. क्वेस्ट ३ चे वजन पाचशे ग्रॅमहून थोडे अधिक, व्हिजन प्रोचे त्याहून जास्त. हे वजन मानेवर आणि गालांवर येते. डोळ्यांची गंमत अशी, की चित्र जवळचे वा दूरचे भासले तरी पडदा भिंगांमुळे एकाच ठरावीक अंतरावर असतो. बुबुळे एका अंतराला वळतात आणि नजर दुसऱ्याच अंतरावर जुळते, म्हणून डोळे दुखतात. देखावा धावू लागला आणि आपण खुर्चीत स्थिर असलो, तर घाटातल्या मोटारीसारखे मळमळते. लहान मुलांच्या बाबतीत कंपन्यांनीच मर्यादा घातली आहे: मेटाने २०२३ पासून आईवडिलांच्या देखरेखीखाली दहा वर्षांपर्यंत खाली आणली, सोनीची बारा, ॲपलची तेरा. घरात सातवीतला आणि दुसरीतला असे दोघे भाऊ असतील, तर भांडणाची सोय आयतीच झाली.

मग हे यंत्र निरुपयोगीच का? तसे मुळीच नाही. वॉशिंग्टन विद्यापीठात भाजलेल्या रुग्णांची मलमपट्टी चालू असताना त्यांना बर्फाच्या आभासी दरीत फिरवून वेदनेवरून मन हटविण्याचे प्रयोग १९९० च्या दशकापासून झाले आणि ते उपयोगी ठरले. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने नोव्हेंबर २०२१ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी अशा एका उपचाराला मान्यता दिली. शस्त्रक्रियेचा सराव, वैमानिकांचे शिक्षण या ठिकाणी एक चूक फार महाग पडते, तेथे हेडसेटची किंमत नगण्य ठरते. आणि तेथे एकच हेडसेट दिवसभरात अनेकांच्या डोळ्यांवर चढतो, हेही विसरू नये.

घराबाहेरचा हाच न्याय आमच्या गावालाही लावता येईल. किल्ल्यावर उरवाई दरवाजाकडून मोटार जाते खरी. पण ते शून्याचे चतुर्भुज मंदिर ग्वाल्हेर दरवाजाकडून चढणाऱ्या पायवाटेवर आहे, आणि मानमंदिराचे जमिनीखालचे दोन मजले अरुंद जिन्यांनी उतरावे लागतात. या गावात जन्म काढलेल्या कितीतरी वृद्धांनी हे पाहिलेलेच नाही, किंवा पाहिले ते परकर-पोलक्याच्या वयात. एखाद्या संग्रहालयाने, वाचनालयाने किंवा महाराष्ट्र मंडळाने एक हेडसेट घ्यावा, किल्ल्याचे चौफेर चित्रण त्यात भरावे आणि गणेशोत्सवात खुर्ची मांडून ज्येष्ठांना दहा-दहा मिनिटे दाखवावे. या खर्चाला मी तरी हरकत घेणार नाही. वर्गणी मागावयास आलात तर दारातून रिकाम्या हाती परत पाठविणार नाही.

काकूंना मी सांगितले ते असे. व्हिजन प्रोच्या रकमेत, म्हणजे नव्वदच्या भावाने सुमारे तीन लाख पंधरा हजार रुपयांत, दिल्लीहून अमेरिकेची जाण्या-येण्याची दोन तिकिटे बहुधा निघतात. गुडघ्यांमुळे तुम्हांला जाणे होत नसेल, तर तीच तिकिटे उलट दिशेने काढावीत. मुलाने नातवाला घेऊन यावे. स्वस्त हेडसेटचा विचार असेल तर घाई नको, कारण किंमत वाढते तशी उतरतेही, आणि दोन वर्षांत नवा नमुना येतो. आणि केवळ मुलाचे घर आतून पाहावे, अंगणातले झाड केवढे झाले ते पाहावे, एवढीच हौस असेल, तर त्याला चौफेर चित्रण करणारा कॅमेरा दोन दिवस कोणाकडून तरी मागून आणावयास सांगा. ते चित्रण मोबाइलवर मागवावे आणि मोबाइल बसवावयाचे साधे खोके घ्यावे. गूगलने २०१४ मध्ये पुठ्ठ्याचे खोके काढून हा मार्ग दाखविला. आपल्याकडे जिओने २०२३ मध्ये क्रिकेटच्या मोसमात असेच खोके १,२९९ रुपयांना विकले. चित्र तितके सुबक दिसत नाही, पण आजीला झाड ओळखू येते.

मात्र असे खोके घेण्यापूर्वी आपल्या मोबाइलमध्ये जायरोस्कोप आहे की नाही, हे दुकानात विचारून घ्यावे. पुष्कळशा स्वस्त मोबाइलमध्ये तो नसतो, आणि मग मान वळविली तरी चित्र जागचे हलत नाही. पहिल्यांदा पाहताना हात असलेल्या खुर्चीत बसावे, पाच मिनिटांपेक्षा अधिक पाहू नये आणि शेजारी कोणी असावे. खोके अनेकांनी वापरावयाचे असेल तर चेहऱ्याला टेकणारा भाग प्रत्येक वेळी पुसावा. क्वेस्ट २ च्या फोमच्या आवरणाने काहींच्या त्वचेची आग झाली, म्हणून जुलै २०२१ मध्ये कंपनीला विक्री थांबवून नवी सिलिकॉनची आवरणे वाटावी लागली होती. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली असेल, तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारावे.