दहा दिवसांचा परदेश आणि सावित्रीचे खोरे

'परदेशी शैक्षणिक सहल' हे शब्द एकेकाळी मुंबई-पुण्याच्या मोजक्या शाळांच्या माहितीपुस्तिकांत वाचावयास मिळत. आता ते तालुक्याच्या गावांपर्यंत येऊन पोहोचले आहेत. सिंगापूर किंवा दुबई, सहा-आठ दिवसांचा कार्यक्रम, एखाद्या विज्ञान केंद्राला दोन तासांची भेट आणि उरलेला वेळ करमणुकीची उद्याने व बाजार, असा त्याचा ठरीव साचा. पालक पोटाला चिमटा काढून पैसे भरतात. त्यांची थट्टा करण्याचे कारण नाही. आपल्याला जे पाहता आले नाही ते मुलाने पाहावे, ही इच्छा प्रामाणिकच असते. पण एवढा खर्च करून मुलाच्या पदरात नेमके काय पडते, हे विचारावयाचे तरी कोणी?

अशा सहलीहून परतलेल्या मुलांशी बोलताना एक गोष्ट वारंवार जाणवते. छायाचित्रे शेकडो असतात आणि सांगण्यासारखे फारच थोडे. 'तिथे खूप स्वच्छता आहे', 'वाहने शिस्तीत चालतात', यापलीकडे गाडी सरकत नाही. एवढे तर घरबसल्याही कळते. याउलट काही मुले जेमतेम आठवड्याच्या प्रवासातून वेगळीच होऊन येतात. ती बोलतात कमी, विचारतात जास्त. आईला पाण्याचा तांब्या न मागता स्वतः उठतात. अनोळखी माणसाशी बोलताना मान वर असते. हा फरक देशामुळे पडत नाही आणि दिवसांच्या संख्येमुळे तर नाहीच. मूल घरून कोणता प्रश्न घेऊन निघाले आणि परतल्यावर त्याचे कोणी ऐकून घेतले का, यावर तो ठरतो.

शासकीय शाळांतील मुलांसाठी आता काही दारे उघडली आहेत, ही आनंदाची बाब होय. पुणे जिल्हा परिषदेने २०२५ साली 'आयुका' या संस्थेच्या साहाय्याने परीक्षा घेऊन आपल्या शाळांतील २५ विद्यार्थ्यांची अमेरिकेतील 'नासा'च्या भेटीसाठी निवड केली. डोंगराळ भोर तालुक्यातील विद्यार्थीही त्यांत होते. रत्नागिरी जिल्हा परिषदेनेही इस्रो व नासा दाखविण्याचा उपक्रम हाती घेतला. जपानच्या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेने २०१४ मध्ये सुरू केलेल्या 'साकुरा' कार्यक्रमात 'इन्स्पायर-मानक' या केंद्रीय योजनेतून पुढे आलेली भारतीय शाळकरी मुले आठवडाभर जपानला जाऊन येतात. वरंध घाट चढला की भोर लागते, कशेडी घाट ओलांडला की खेड लागते. या दोन घाटांच्या मध्ये महाड आणि पोलादपूर. दोन्ही शेजाऱ्यांची मुले परदेशाची तयारी करीत असता आपल्या मुलांनी कोठे जावे, याचा विचार अलिबागला बसणाऱ्यांनी व गावातील जाणत्यांनीही करावयास हवा.

माझे मत स्पष्ट आहे. या खोऱ्यातील मुलांनी नासा पाहण्यापूर्वी जपानचा वाकायामा प्रांत पाहावा.

नासाला माझा विरोध नाही. अग्निबाण पाहून बारा वर्षांच्या मुलाचे डोळे विस्फारतात आणि त्यातून एखादा संशोधक घडूही शकतो. पण अग्निबाणापुढे उभे राहिलेले मूल प्रेक्षक असते. ज्या प्रश्नाने आपले स्वतःचे घर हादरले त्याच प्रश्नाला दुसऱ्या कोणी कसे तोंड दिले, हे पाहणारे मूल प्रेक्षक राहू शकत नाही. आणि महाड-पोलादपूरच्या मुलांकडे असा प्रश्न आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे डोंगर खाली आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर-सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या, महाड शहर पाण्याखाली गेले. त्याआधी पाच वर्षे, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल एस.टी.च्या गाड्यांसह वाहून गेला होता. आज आठवी-नववीत असलेल्या येथील मुलांना २०२१ चा जुलै आठवतो. पाऊस वाढला की रात्री घरातील मोठी माणसे झोपत नाहीत, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही.

वाकायामा हा असाच डोंगरउतारांचा, मुसळधार पावसाचा आणि अरुंद खोऱ्यांचा प्रदेश. महाराष्ट्र शासनाचा या प्रांताशी २०१३ साली सहकार्य करार झालेला आहे, म्हणजे दार नव्याने ठोठवावयाचे नाही. सप्टेंबर २०११ च्या वादळी पावसात तेथे दरडी व पुरांनी मोठी हानी झाली. नाचीकात्सुउरा या गावाला तडाखा बसला आणि पुढे तेथेच दरडींच्या आपत्तीचा अभ्यास व शिक्षण यांसाठी केंद्र उभे राहिले. ओढ्यांच्या मुखाशी दगडगाळ अडविणारे बांध, कोणते घर धोक्याच्या पट्ट्यात येते हे दाखविणारे नकाशे आणि इशारा मिळताच कोणत्या वाटेने कोठे जावयाचे याची शाळेतील तालीम, हे तेथे रोजच्या व्यवहारात आहे. तळियेच्या शेजारच्या वाडीतील मुलीने असा नकाशा एकदा हातात घेतला, तर तिला पहिला प्रश्न कोणता पडेल? माझ्या वाडीचा असा नकाशा आहे का, हाच. हा प्रश्न पडला की सहलीचा खर्च वसूल झाला असे मी समजेन.

याच प्रांतात हिरोगावा नावाचे गाव आहे. १८५४ च्या डिसेंबरात तेथे भूकंपापाठोपाठ सागरी लाटा आल्या. हामागुची गोर्यो हा तेथील व्यापारी. अंधारात वाट चुकलेल्या गावकऱ्यांना उंचावरील मंदिराची दिशा कळावी म्हणून त्याने शेतातील पेंढ्यांच्या गंजी पेटविल्या आणि अनेकांचे प्राण वाचविले. गोष्ट येथे संपत नाही, जरी गोष्टी सांगणारे बहुधा येथेच थांबतात. लाटेनंतर गाव ओस पडू लागले तेव्हा गोर्योने स्वतःच्या पैशाने गावकऱ्यांनाच मजुरी देऊन सुमारे सहाशे मीटर लांबीचा बांध घातला. लोकांना काम मिळाले, गाव टिकले आणि १९४६ मध्ये पुन्हा लाट आली तेव्हा त्या बांधाने गावाचा मोठा भाग राखला. ही कथा पुढे जपानी मुलांच्या क्रमिक पुस्तकात आली. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ साली ५ नोव्हेंबर हा सुनामी जागृती दिन ठरविला तो या घटनेच्या जुन्या तिथीवरून. आपल्याकडेही आपत्तीत धावून जाणारे हात कमी नाहीत. महाडच्या पुरात स्वयंसेवकांनी गाळ उपसला, घरोघरी शिधा पोहोचविला, हे या पानाच्या वाचकांना सांगावयास नको. पण पूर ओसरल्यानंतरच्या चौथ्या वर्षी बांध घालीत राहणे ही वेगळी चिकाटी होय, आणि ती आपल्या मुलांनी जवळून पाहावी असे मला वाटते.

वाकायामातच कोयासान हे तीर्थक्षेत्र आहे. ते कूकाई या भिक्षूने ९ व्या शतकाच्या आरंभी स्थापन केले. हा कूकाई स्वतः परदेशी गेलेला विद्यार्थी होता. ८०४ साली तो चीनला गेला. मुक्काम वीस वर्षांचा ठरलेला, पण तो दोन वर्षांतच परतला. तेथे त्याने चिनी गुरूकडून दीक्षा घेतली आणि प्रज्ञ नावाच्या भारतीय भिक्षूकडून संस्कृतचे पाठ घेतले. कोयासानच्या समाधिशिळांवर आजही सिद्धम् लिपीतील संस्कृत बीजाक्षरे दिसतात. आपल्या मुलाला ती पाहून अभिमान वाटेल, वाटावाही. मात्र 'हे सारे आपलेच' एवढे म्हणून तो पुढच्या मंदिराकडे वळला तर त्याने काहीच पाहिले नाही. कूकाईचे खरे मोठेपण मला दुसऱ्याच ठिकाणी दिसते. ८२१ साली त्याच्या जन्मप्रांतातील मान्नो नावाचे मोठे तळे फुटले होते आणि दुरुस्ती जमत नव्हती. तेव्हा हा परदेशी शिकून आलेला धर्माचार्य गावी गेला आणि लोकांना हाताशी धरून त्याने बांध पूर्ण करून दिला. ते तळे आजही शेतीला पाणी देते.

तळ्याचे नाव निघाल्यावर महाडकराला चवदार तळे आठवल्यावाचून कसे राहील? बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर २० मार्च १९२७ रोजी महाडला आले आणि त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यांचा पुतळा कोयासान विद्यापीठात २०१५ पासून उभा आहे. महाडचे मूल तेथे गेले आणि एखाद्या जपानी मुलाने त्या तळ्याविषयी विचारले, तर त्याला उत्तर देता आले पाहिजे. नुसता दिनांक सांगून भागणार नाही. पाण्यासाठी माणसांना का झगडावे लागले, आपल्याच समाजाने ते का अडविले, हे परक्या माणसाला समजेल अशा शब्दांत सांगणे चौदा वर्षांच्या मुलाला जड जाते. परदेशात मूल वाढते ते बहुतेक वेळा अशाच अडचणीच्या क्षणी. गडाची उंची, राज्याभिषेकाचे साल, उमरठचे तानाजी मालुसरे हे सारे त्याला पाठ असते. पण आपल्या नदीत कोणते मासे होते आणि आता का नाहीत, असे कोणी विचारले की ते गप्प होते. ती गप्प राहण्याची वेळ मुलांवर यावी. घरी परतल्यावर ती आजोबांना विचारतात.

म्हणून अशा सहलीत मुलांनी हॉटेलात राहू नये. घरांत राहावे. विद्यार्थी परिषदेने १९६६ साली सुरू केलेल्या 'आंतरराज्य छात्र जीवन दर्शन' या उपक्रमात ईशान्येकडील मुले देशभरातील कुटुंबांत राहिली, तसे. या वाचकांपैकी अनेकांच्या घरी अशी मुले जेवली असतील. भाषा येत नसताना पानातील पदार्थ वाढणाऱ्या माउलीशी खाणाखुणांनी बोलणे, आपली ताटवाटी उचलणे, सकाळी यजमानांच्या मुलाबरोबर पायी शाळेत जाणे आणि शाळा सुटताना त्याच्याबरोबर वर्गाची फरशी पुसणे, यातून जे येते ते मार्गदर्शकाच्या झेंड्यामागे फिरून येत नाही. जपानी शाळांत मुलेच वर्ग झाडतात आणि जेवणही वाढतात. आपल्याकडे मुलांच्या हाती झाडू दिला की पालक तक्रार घेऊन येतात. असो.

स्वामी विवेकानंदांनी १८९३ मध्ये शिकागोला जाताना वाटेत जपान पाहिले आणि १० जुलैला योकोहामाहून मद्रासच्या शिष्यांना पत्र लिहिले. आपल्या तरुणांनी दरवर्षी मोठ्या संख्येने जपान व चीन पाहून यावे, ही इच्छा त्यांनी त्यात बोलून दाखविली आणि घरात बसून शिवाशिवीचा खल करणाऱ्यांना खडे बोलही सुनावले. आपण त्यांच्या शिकागोच्या भाषणाची जयंती साजरी करतो. योकोहामाच्या पत्राकडे मात्र फारसे कोणी वळत नाही.

एक आक्षेप नेहमी घेतला जातो: मुलांना बाहेरचे जग दाखविले की ती गावात राहणार नाहीत. पोलादपूरच्या वाड्यांतील तरुण परदेश न पाहताच मुंबईला गेले आहेत, त्याला इलाज काय? महाडजवळच्या नाते गावी १८९६ साली जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९१५ मध्ये केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकावयास गेले. ते नात्याला राहावयास परत आले नाहीत, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, देशाचे अर्थमंत्री झाले. पण मुंबईचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी ते मंत्रिपद सोडले. गेलेले सारे तुटतात असे नव्हे. काही जातील, काही राहतील. त्याची भीती धरून कोणालाच पाठवू नये, हा न्याय नव्हे.

मला खरी भीती वेगळीच वाटते. समजा, पोलादपूरची एक मुलगी दहा दिवस राहून आली. विमानतळावर हार झाले, वर्तमानपत्रात छायाचित्र आले. पुढच्या जूनमध्ये ती ग्रामसभेत उभी राहून म्हणाली की शाळेच्या वरच्या उताराला भेग पडली आहे, पाऊस वाढण्याआधी कोणीतरी येऊन पाहावे. तेव्हा काय होईल? 'बाळ, तू अभ्यास कर' असे कोणी म्हणाले, तर ती पुन्हा ग्रामसभेत तोंड उघडणार नाही. परदेशात दहा दिवसांत आलेला धीर गावात दहा मिनिटांत जाईल. तेव्हा तयारी मुलांइतकीच मोठ्यांचीही व्हावयास हवी. मुले निघण्यापूर्वी ग्रामपंचायतीने ठराव करावा की परतल्यावर त्यांचे म्हणणे पूर्ण सभेत ऐकले जाईल, त्याची नोंद होईल आणि तहसील कार्यालयाकडे ती पाठविली जाईल. त्यांच्याबरोबर एक शिक्षक जावा, आणि तो पुढे तीन वर्षे तरी त्याच तालुक्यात राहील असे पाहावे. बदली होऊन गेलेल्या शिक्षकाबरोबर निम्मी सहलही निघून जाते.

निवडीसाठी परीक्षा घ्यावी लागेलच. ती केवळ गुणवत्ता यादीसाठीची नसावी. पहिल्या प्रश्नपत्रिकेत एकच काम द्यावे: आपल्या वाडीच्या वरचा डोंगर, ओढे, घरे आणि वाटा यांचा नकाशा काढा. २०२१ च्या जुलैत पाणी कोठवर आले होते ते घरातील मोठ्यांना विचारून त्यावर दाखवा, आणि रात्री दोन वाजता निघावे लागले तर आजीला घेऊन कोणत्या वाटेने जाल ते लिहा.